ढेपा उतरल्या का?

ऐका. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी झोपावं, पण घोरायचं नाही. आणि ए, तू! त्या खांबामागच्या कोपऱ्यात अंथरूण टाकू नकोस. उचल. उचल म्हटलं ना! मोकळी जागा दिसली की पसरायचं, ही काय रीत झाली? का नाही टाकायचं तेच सांगायला बसलोय. ती बॅटरी विझवा आधी. उद्याची रात्र पण इथंच काढायचीय, तेव्हा काय माझे डोळे पेटवून बसणार?

सगळे आलेत ना पुरातनं वर? मघाशी सरपंचबाईंनी नावं घेतली. नदीकडच्या पाण्याच्या मोटारीवरचा राखणदार हरणू तेवढा दिसत नाही. कुणीतरी म्हणालं, त्याच्या गावाला गेला असेल. असेल. परगावचा माणूस, त्याची कोण वाट बघणार! असो.

तर ऐका. तातोबा गुळव्याची गोष्ट आहे. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारा, हे तुम्हाला आता सांगावं लागतं. तुम्ही गूळ पिशवीत बघितला. तातोबा काळा, उंच, बोलायला कमी. उसाचा रस उकळायची ती मोठी लोखंडी काहील, ती त्याच्या बापाची. चार माणसं पाय दुमडून बसतील एवढी. सुगीत त्या काहिलीत गूळ व्हायचा आणि पुरात तीच काहील पाण्यावर टाकून माणसं काढायची. होड्या होत्या कुठं तेव्हा? आपल्या गावाची बोट म्हणजे काहील. वल्हवायला बांबू. गोल असते, त्यामुळं सरळ जायचं नाव नाही. एका बाजूनं मारलं की गरगर फिरते. डोकं ठिकाणावर नसलं की आपण कुठं तोंड करून बसलोय तेच कळत नाही. हे ध्यानात ठेवा.

आणि दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. पुरात अडकलेल्या माणसानं तोंडानं हाक मारायची नाही. ताट वाजवायचं. पितळेचं ताट, नाहीतर परात, नाहीतर घमेलं. आपल्या गावात ही रीत जुनी आहे. का? एक तर पाण्याच्या घोंगाटात माणसाचा आवाज विरून जातो, भांड्याचा लांबवर येतो. आणि दुसरं म्हणजे... हसू नकोस रे! दात दिसतायत अंधारात. दुसरं म्हणजे पाणी आवाज शिकतं. ज्याला ज्याला गिळलं त्याचा आवाज ठेवून घेतं. म्हणून हाकेला जायचं नाही. ताटाला जायचं.

तातोबाला धाकटा भाऊ, गुंडू. बाप मेल्यावर वाटणी झाली. म्हशी गुंडूला, काहील तातोबाला. गुंडू म्हणाला, काहिलीत माझा पण हिस्सा आहे. तातोबा म्हणाला, मग काय करतोस, कापून देऊ अर्धी? बास. एवढ्या शब्दावर बिनसलं. गुंडूनं चावडीसमोर सांगितलं, "त्या काहिलीत पाय ठेवीन तर बापाचं नाव लावणार न्हाई." तेव्हापासून बोलणं बंद. समोरून आला तर एक जण गटारीच्या कडेनं जायचा. नाव घ्यायची वेळ आली तर गुंडू नुसतं "त्यो गुळव्या" म्हणायचा. सख्खे भाऊ हं! एका ताटात जेवलेले.

मग तो पूर आला. आठवडाभर पाऊस थांबला नाही, वरनं धरणाचं पाणी सोडलं. कृष्णामाई पहिल्या दिवशी घाटाच्या पायऱ्या चढली, दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर आली. म्हातारी माणसं म्हणाली, मागच्या पुराची खूण देवळाच्या उंबऱ्याला आहे, त्याच्या वर पाणी यायचं नाही. माईनं उंबरा ओलांडला, देवाचे पाय बुडवले आणि पुढं गेली. गाव उचलून इथं, ह्याच शाळेत आलं. तातोबानं काहील पाण्यावर टाकली आणि दिवसभर माणसं काढली. बाळंतिणी काढल्या, लंगडे काढले, एका म्हातारीनं तुळशीवृंदावन सोडून यायचं नाही म्हटलं तर वृंदावनासकट काढली.

गुंडू राहिला मळ्यातल्या गोठ्यावर. गावातली दोन पोरं काहील घेऊन त्याला आणायला गेली. तातोबानं मुद्दाम स्वतः न जाता त्यांना पाठवलं. मला बघून बिथरेल, म्हणाला. पण बिथरायला काहील पुरली. गुंडू पोटमाळ्यावरनं म्हणाला, "दुसरं कायतरी आणा. ह्यात मी बसणार न्हाई." पोरं म्हणाली, दुसरं काय आणू, विमान? तो म्हणाला, "मग जावा. पाणी उतरंल सकाळी." पोरं आली परत. आता ह्याला काय म्हणायचं? मी म्हणतो माजलेला रेडा. माणसानं अडून बसावं, पण पाण्यापुढं?

रात्र पडली. पाणी उतरलं नाही. चढलं.

आणि मग मळ्याच्या बाजूनं आवाज यायला लागला. टण्ण. टण्ण. ताट!

शाळेतल्या सगळ्यांनी ऐकला. सगळ्यांनी! एकानं कूस बदलली. एक जण म्हणाला, "कोणतरी गेलं असंल." दुसरा म्हणाला, "असंलच की. आवाज आल्यावर थांबतंय व्हय कोण?" आणि कुणीच गेलं नव्हतं.

तातोबा दिवसभर बांबू मारून आडवा झालेला. हाताला फोड आलेले. तो उठला. बायको शेवंता जागीच होती. म्हणाली, "अवं, त्यो तुमचं तोंड बघत न्हाई."

"त्यानं बघू नये. मी बघून येतो."

"मग माळावरनं जावा. लांब पडलं तरी चालंल. पाणंदीनं नको."

"माळावरनं जाईस्तोवर त्यो ऱ्हाईल काय?"

आणि गेला पाणंदीनं. एकटा. पाठीमागं कंदील बांधला, तो पावसानं पहिल्या वळणाला विझला.

ती पाणंद तुम्ही रोज बघता. दोन्हीकडं बाभळी, मधनं गाडीवाट, पुढं उजवीकडं गुंडूचा मळा आणि डावीकडं ओढा. उन्हाळ्यात शेरडं चरतात तिथं. पण पुरात त्या वाटेची नदी होते, आणि ओढ्याच्या तोंडाशी पाणी असं फिरतं की म्हैस गेली तर शिंग दिसत नाही. आणि शेवंता नको म्हणाली ते नुसतं पाण्यासाठी नाही.

पाणंदीच्या टोकाला, ओढ्याकडं, भागा राहायची. ना नवरा ना पोर. बांधावरचं गवत कापायची, भारे विकायची. कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या पंगतीत नाही. त्याच्या आधीच्या मोठ्या पुरात ती झोपडीच्या आढ्यावर चढली आणि ताट वाजवायला लागली. गावानं ऐकलं. तेव्हाही असंच, कोणतरी गेलं असेल. त्या रात्री पाणंदीत काहील होती बरं का! तातोबाचा बाप होता काहिलीत. पण काहिलीत गुळाच्या ढेपा होत्या. चांगला भाव येईल म्हणून मळ्यातल्या घरात साठवलेल्या सगळ्या ढेपा. गूळ पाण्यात गेला की संपलं, चिखल नुसता. बाप आढ्याजवळनं गेला. भागा म्हणाली, "मला घ्या वो." तो म्हणाला, "जागा न्हाई, आक्का. ढेपा उतरवून आलोच."

ढेपा उतरवल्या. आणि अंग मोडून आलं म्हणून जरा टेकला. त्याला वाटलं, कोणतरी गेलं असेल.

सकाळी आढं पण नव्हतं.

हां. आता कळलं गप्प कसं बसायचं ते!

तर तातोबा पाणंदीत शिरला. दोन्ही बाजूला बाभळीचे नुसते शेंडे पाण्यावर. काळोख असा की हातातला बांबू दिसेना. मेलेली कोंबडी आली वाहत, एक पाट आला लाकडाचा, कुणाचा तरी पाळणा आला. रिकामा होता. त्यानं वाकून बघितला, रिकामाच होता. आणि ताटाचा आवाज? बंद झालेला.

तेवढ्यात हाक आली. "दादा!"

डावीकडनं. गुंडूचा आवाज. अगदी गुंडूचा.

"दादा, हिकडं ये. हिकडं हाय मी. ये रे दादा."

इतकी वर्षं त्याला दादा म्हणून कुणी हाक मारली नव्हती. त्यानं बांबू डावीकडं घातला पण! काहील वळली. आणि मग त्याच्या डोक्यात आलं. गुंडू? आणि दादा? अरे, गुंडू बुडून तळाला गेला तरी मला दादा म्हणायचा नाही. तो शिवी देईल. आणि ताट सोडून हाक का मारतोय?

त्यानं बांबू काढला. तोंड उघडलं नाही.

हाक थांबली. पाणी पण जरा गप्प झालं, जसं काय विचार करतंय.

आणि मग ताट वाजलं!

टण्ण. टण्ण. टण्ण. टण्ण.

तातोबाला हायसं वाटलं. लहानपणापासून शिकलेलं, हाकेला जायचं नाही, ताटाला जायचं. तो गेला ताटाच्या मागं. जोरात बांबू मारला. काहील फिरली, पुन्हा सरळ केली, पुन्हा फिरली. ताट वाजतंय. टण्ण. टण्ण. टण्ण. तो येतोय, येतोय म्हणत चाललाय. हाताचे फोड फुटले, बांबू चिकट झाला. ताट वाजतंय.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, बाभळी एकाच बाजूला आहेत.

अरे देवा! दुसऱ्या बाजूच्या गेल्या कुठं? पाणंद सुटली होती. काहील ओढ्याच्या अंगाला लागली होती. पाण्याचा आवाज बदललेला, खालून गुरगुरल्यासारखा. आणि ताट पुढनं वाजतंय, जवळ, अगदी जवळ. टण्ण. टण्ण. टण्ण. टण्ण.

तातोबानं हात थांबवला आणि कान दिला. आयुष्य गुऱ्हाळावर काढलेला माणूस. रात्रभर रस ढवळणारे हात त्यानं बघितलेले. पहिल्या प्रहरी फावडं कसं चालतं आणि पहाटे कसं चालतं, डोळे मिटून सांगायचा. माणसाचा हात दमतो. मध्येच थांबतो, बदलतो, एक फटका जोरात बसतो, दोन पोकळ जातात. न दमता एकसारखं चालतं ते ऊस पिळायच्या चरकाचं इंजिन. आणि हे ताट इंजिनासारखं वाजत होतं. एकसारखं. ना कमी ना जास्त. ना थांबणं, ना दम घेणं.

हा जित्या माणसाचा हात नाही!

त्यानं हाताला येईल तो बाभळीचा शेंडा धरला. काटे तळव्यातनं आरपार. सोडलं नाही. काहील खालनं ओढ घेतेय, पाय ताणले गेलेत, खांदा निखळतोय की काय. आणि ताट थांबलं.

काहील मागच्या अंगाला कलली.

कुणीतरी काठ धरला होता. गार वारा पाठीला लागला, ओल्या गवताचा वास आला. नुकत्याच कापलेल्या गवताचा. आणि अगदी हळू, अगदी मऊ आवाजात, बाईच्या आवाजात, विचारणा आली.

"ढेपा उतरल्या का वो?"

तातोबानं शेंडा आणखी घट्ट धरला.

"उतरल्या का? आलो म्हणाला हुतासा."

"मी... मी न्हवं. माझा बा हुता त्यो."

"काहील तीच हाय की."

आता ह्याला काय उत्तर? तुम्ही सांगा. शिकलेले आहात ना, सांगा! काहील तीच होती. गूळ त्याच काहिलीतला, तो खाऊनच तातोबा वाढलेला.

काहील आणखी कलली. पाणी आत आलं, घोट्यापर्यंत. वजन चढत होतं. एक माणसाचं वजन नव्हतं ते. ढेपेवर ढेप ठेवल्यासारखं, आणखी एक, आणखी एक. बापानं त्या रात्री भरली होती तशी काहील भरत चालली होती.

"आता जागा हाय का?" तिनं विचारलं.

तातोबानं मागं बघितलं नाही. तेवढं शहाणपण त्याला होतं. जागा नाही म्हटलं की काय होणार ते त्याला कळत होतं. रडला तो. खरं सांगतो, पुरुष माणूस ढसाढसा रडला. आणि म्हणाला, "हाय, भागाआक्का. जागा हाय. बस. पन माझा भाऊ घ्यायचाय मळ्यातनं. त्याला घेतो आन मग तुला वर नेतो. तुला सोडून जात न्हाई."

आवाज आला नाही. पण ओढ्याची ओढ ढिली पडली, जशी कुणी दोरी सोडावी. वजन होतं तसंच राहिलं. काठ पाण्याच्या वर जेमतेम बोटभर. त्यानं शेंडा सोडला, बांबू घातला आणि काहील पहिल्यांदाच गरगर न फिरता सरळ निघाली.

आणि उजवीकडनं आलं. टण्ण. मग काही नाही. मग दोनदा, घाईघाईनं. मग काही नाही. मग एक अगदी फुसका.

तातोबा म्हणाला, "हा बघ. हा माझा भाऊ."

गोठ्याचं छप्पर तेवढं वर होतं. त्यावर गुंडू आडवा पडलेला, छातीपर्यंत पाण्यात, एका हातानं वासा धरलेला, दुसऱ्या हातात परात. म्हशी त्यानं आधीच सोडल्या होत्या, त्या पोहून गेल्या. म्हशीला अक्कल असते.

काहील बघून गुंडू ओरडला, "आलास व्हय रे गुळव्या! काहील घासूनपुसून आनत हुतास काय? सकाळी आला असतास की सुतक धरायला!"

तातोबाला आयुष्यात कुठली शिवी एवढी गोड लागली नसेल. तो म्हणाला, "बस मुकाट्यानं."

"ह्यात बसनार न्हाई म्हटलं हुतं मी."

"मग कापून देऊ का अर्धी?"

गुंडूनं परात पाण्यात टाकली आणि आला सरपटत. एक पाय आत ठेवला आणि तसाच थांबला. "दादा," तो म्हणाला. आता म्हणाला बघा! "दादा, मागं कोन बसलंय?"

"तिकडं बघू नगो."

"बाई हाय. भिजलीय. मांडीवर गवताचा भारा हाय तिच्या."

"बघू नगो म्हटलं ना!"

"बुडंल की रे! जागा कुठाय?"

असं म्हणायचा अवकाश, पाणी काठावरनं आत आलं, धबाधबा. काहील एका अंगानं खाली गेली. तातोबानं भावाची मान धरली आणि कानात ओरडला, "जागा हाय म्हन! म्हन लवकर! जागा हाय म्हन!"

गुंडूला काही कळलं नाही. पण कित्येक वर्षांनी भावानं अंगाला हात लावला होता. म्हणाला, "हाय. जागा हाय, आक्का. सरकून बसतो मी." आणि खरंच सरकला, गुडघे छातीला लावून.

काहील वर आली.

परत आले ते माळावरनं. तातोबा बांबू मारतोय, गुंडू हातानं पाणी उपसतोय. मागनं मधनंमधनं एक उसासा यायचा, भारा डोक्यावरनं उतरवल्यावर बायका टाकतात तसा. शाळेच्या पायऱ्यांना काहील लागली. ह्याच पायऱ्या, बाहेरच्या. लागली आणि एका क्षणात अशी हलकी झाली की टुणकन उडाली आणि दोघं भाऊ पालथे पाण्यात पडले. शेवंता आणि चार जण धावले, केसाला धरून वर ओढले.

आणि मग शेवंतानं कंदील खाली धरला. पायरीवर ओले पाय उमटले होते. बाईचे. लहान, अनवाणी. वर चढलेले. व्हरांड्यातनं आत आलेले. खांबामागच्या त्या कोपऱ्यापर्यंत गेलेले.

परत गेलेले नव्हते.

हां. तोच कोपरा. आता कशाला सरकतेस गं इकडं? तिनं कुणाला काही केलं नाही. तिला फक्त आत यायचं होतं, सगळ्यांच्या बरोबर. तेव्हापासून पूर आला की तो कोपरा मोकळा ठेवायचा आणि एक भाकरी तिथं ठेवायची. तुम्ही आज ठेवली का? ठेवा. माझ्यातली ठेवा.

तातोबाचा हात पुढं कधी नीट मिटला नाही, बाभळीनं नेला. दोघं भाऊ शेवटपर्यंत एका चुलीवर जेवले आणि रोज भांडले. पण पाणंदीचं सांगतो ते कानात कोंबून ठेवा. पूर असताना त्या वाटेनं जायचं नाही. काहील घालायची नाही, नाव घालायची नाही, कुणी कितीही गोड हाक मारली तरी नाही. कारण भागा आली, तिचं ताट तिकडंच राहिलं. ते अजून वाजतं. एकसारखं, न दमता. त्याच्या मागं गेलेला...

थांबा.

गप्प! सगळे गप्प. त्या पोराला पदराखाली घे गं. ऐका.

आला का? परत. टण्ण. मोटारीच्या अंगानं येतोय.

पळू नका! बसा खाली. दार कशाला लावतोस, मूर्खा? आधी ऐका. एकसारखं आहे का? कान द्या. टण्ण. टण्ण. थांबलं. का थांबलं? मोजू नका, नुसतं ऐका. टण्ण. हा पोकळ गेला. परत थांबलं. आता दोन, घाईनं. आता काही नाही.

हात दुखतोय त्याचा.

हरणू आहे तो. काय म्हणालास? कोणतरी गेलं असेल? कोण? नाव सांग. तू गेलायस? ही गेलीय? सगळे तर माझ्यासमोर पाय पसरून बसलेत! उठा! तातोबाची काहील शाळेच्या मागं उपडी घातलीय, दोघं जण उचला. बांबू दाराच्या आडोशाला आहे. माळावरनं घाला, पाणंदीनं नाही. हाकेला जायचं नाही. दमलेल्या ताटाला जायचं. आणि वाटेत मागनं कुणी विचारलं तर वळून बघायचं नाही, बोटभर काठ राहिला तरी चालेल, जागा हाय म्हणायचं.